पंधरा मिनिटांची सवलत

आमच्याकडे सर पासवर्ड टाकायला बसले की बाकीच्यांनी पाठ करायची, असा रिवाज होता. लेखी नियम नव्हता; पण ज्या कंपनीत लेखी नियम कुणी पाळत नाही, तिथे हा मात्र सगळे पाळायचे. सर खुर्ची ओढून बसत, खिशातून बडीशेपेची डबी काढून चिमूटभर तोंडात टाकत, कीबोर्डवर दस्ती, म्हणजे पांढरा रुमाल, पसरत आणि हात तिच्याखाली घालून म्हणत, "पाठ करा." मग बियाण्याच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या आम्ही तिघी, तिघींचीही चाळिशी उलटलेली, भिंतीकडे तोंड करून उभ्या राहायचो. भिंतीवर एका खतवाल्याचं कॅलेंडर होतं. त्या वर्षीच्या सगळ्या चतुर्थ्या मला तारखेसकट सांगता येत होत्या.

बडीशेप हा काही शौक नव्हता. पासवर्ड टाकताना सरांचे ओठ हलत. पॅकिंगमधलं कुणीतरी एकदा चेष्टेत म्हणालं, "सर, तुमच्या ओठावरून सगळं समजून राह्यलं हो आम्हाला." दुसऱ्या दिवसापासून बडीशेप सुरू झाली. तोंड सारखं हलतच असेल, तर त्यातलं पासवर्डचं किती आणि बडीशेपेचं किती हे कोण ओळखणार? बटणांचे आवाज मोजून अक्षरं किती ते काढता येईल, अशीही त्यांना शंका होती. म्हणून मध्येच चार-पाच अक्षरं उगाच टाकून ती खोडत. त्यात त्यांचीच गल्लत होई. मशीन नाही म्हणे. सर एक उसासा सोडून पहिल्यापासून सुरू करत आणि आम्ही पुन्हा चतुर्थ्या बघत राहायचो.

त्यांची नोकरी शेवटी पंधरा मिनिटांपायी गेली, आणि ती पंधरा मिनिटं मी मागितली होती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढचं वाचून लोक नुसते हसतील. हसण्यासारखं पुष्कळ होतंच म्हणा.

जालन्याच्या एमआयडीसीत आजूबाजूला सळईचे कारखाने आणि मध्ये आमची बियाण्याची कंपनी. सर तिथे कॉम्प्युटरचं सगळं बघायचे. मूळचे अंबड तालुक्यातल्या शेतकरी घरातले, वय पन्नाशीच्या आसपास, मे महिन्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि मनगटाचं बटण लावलेलं. कंपनीतल्या सगळ्या मशीनवर त्यांनी विंडोजऐवजी लिनक्स बसवलं होतं. रोजच्या कामाला ज्याचा त्याचा पासवर्ड चाले. पण मशीनच्या पोटात हात घालायचा असला, म्हणजे नवा प्रिंटर जोडायचा, घड्याळ बदलायचं किंवा बंद केलेली नोंद पुन्हा उघडायची, तर मशीन प्रशासकाचा पासवर्ड मागे. तो एकट्या सरांना ठाऊक होता. तो चाळीसच्या वर अक्षरांचा होता, एवढंच आम्हाला माहीत होतं, आणि दर महिन्याच्या एक तारखेला तो बदलायचा हेही. एक तारखेला सरांचा चेहरा परीक्षेला निघालेल्या माणसासारखा असे.

मशीनना त्यांनी पिकांची नावं दिली होती. ती मशीनच्या आत लिहिलेली असतात, बाहेर दिसायची गरज नव्हती. पण सर माणसांनाही त्याच नावांनी हाक मारत. माझं मशीन करडई, म्हणून मी करडई मॅडम. गोदामवाला मूग. उत्पादन बघणारे साहेब हरभरा. मॅनेजर साहेबांच्या मशीनचं नाव आंबाडी होतं, आणि ते त्यांच्या स्वभावाला इतकं चपखल होतं की सरांनी ते मुद्दाम दिलं असा सगळ्यांचा पक्का समज होता. सर म्हणत, "बिलकुल न्हाई. चिठ्ठ्या टाकल्त्या मी." साहेबांना मात्र तोंडावर ते साहेबच म्हणत.

गोदामातल्या मुगाने एकदा आपला पासवर्ड विसरतो म्हणून कागदाच्या तुकड्यावर लिहून कीबोर्डखाली ठेवला. सरांना तो सापडला. आरडाओरड करणं त्यांच्यात नव्हतं. त्यांनी तो तुकडा वाचला, दोन घड्या केल्या, बडीशेपेबरोबर तोंडात टाकला, नीट चावला आणि वर पाणी प्यायले. मग मुगाला म्हणाले, "आता बदला." मूग पुढे कित्येक दिवस हे सगळ्यांना सांगत होता. त्याने पासवर्ड पुन्हा कधी लिहून ठेवला नाही, कारण, तो म्हणे, माणूस कागद खाऊ लागला की त्याच्या नादी लागू नये.

मॅनेजर साहेबांना हा सगळा प्रकार पोरखेळ वाटायचा. उद्या सरांना काही झालं तर कंपनी बंद ठेवायची का, असं त्यांनी विचारलं तेव्हा सरांना ते पटलं. त्यांनी पासवर्ड कागदावर लिहून पाकिटात घातला, पाकिटाच्या तोंडावर सही केली, वर लाख ओतली आणि ते साहेबांच्या तिजोरीत ठेवलं. दर एक तारखेला पाकीट बदलत आणि दर सोमवारी जाऊन लाख तपासत. पुढे सरांना टायफॉइड झाला आणि नेमका तेव्हाच स्कॅनर जोडायची वेळ आली. साहेबांनी मोठ्या समाधानाने पाकीट फोडलं. मशीनवर आज्ञा लिहायची काळी खिडकी उघडली, तिने पासवर्ड मागितला, साहेब एकेक अक्षर वाचत टाकू लागले आणि पडद्यावर काहीच उमटेना. अक्षर नाही, ठिपका नाही, काही नाही. साहेबांनी कीबोर्ड बदलायला सांगितला. दुसराही मुका. तिसरा माझ्या टेबलावरून नेला. तिन्ही कीबोर्ड खराब निघाले म्हणून खरेदी विभागाला कडक पत्र गेलं.

सर बरे होऊन आले तेव्हा त्यांना हे कळलं. ते साहेबांपुढे जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, लिनक्सची ती खिडकी पासवर्ड दाखवत न्हाई. किती अक्षरं झाली तेबी कळू देत न्हाई. दिसत न्हाई म्हणजे लागत न्हाई असं न्हाई."

"मग माणसाला कसं कळायचं?"

"विश्वासानं टाकायचं, साहेब."

आयुष्यात कुणावर विश्वास न ठेवणारा हा माणूस असं म्हणाला, याची आम्हाला गंमत वाटली. साहेबांना वाटली नाही. सरांनी त्याच दिवशी पासवर्ड बदलला आणि नवं पाकीट केलं. लाख या खेपेला जरा जास्त होती.

त्यांच्या घरी मी एकदाच गेले होते, त्यांच्या मुलीच्या लग्नाच्या आधी. जुन्या जालन्यातलं साधं घर. दार सताड उघडं, आणि दिवसभर तसंच असतं असं त्यांच्या बायकोने सांगितलं. "भाजीला गेले तरी ओढून घेत न्हाई मी. ह्यांनीच सवय लावली," ती म्हणाली. मी सरांकडे बघितलं. त्यांना त्यात काही विसंगत वाटत नव्हतं. "दारातून माणूस आला तर शेजारी बघतेत. कोण आल्तं, कोण गेल्तं, समोरची मावशी बराबर सांगते. मशीनमधी कोण शिरलं ते कोण बघतंय? तिथं शेजार न्हाई, मॅडम." मला ते तेव्हा विनोदी वाटलं होतं. त्यांच्या बोलण्यात असं बरंच असायचं, की घरी येऊन नवऱ्याला सांगावं आणि दोघांनी हसावं.

आता ती पंधरा मिनिटं. एकदा पासवर्ड टाकला की लिनक्स बहुतेक ठिकाणी काही मिनिटं तो लक्षात ठेवतं. तेवढ्यात दुसरं काम निघालं तर पुन्हा विचारत नाही. माणसाची सोय. सरांनी ही सोय सगळ्या मशीनवर बंद करून टाकली होती. दर कामाला नव्याने पासवर्ड, म्हणजे दर कामाला नव्याने सर, बडीशेप, दस्ती आणि भिंत. एरवी ते खपून जायचं. पण मे महिन्यात सोयाबीनचं बियाणं विक्रीला निघतं तेव्हा पिशव्यांना लावायची लेबलं माझ्या मशीनवरून छापली जात, आणि तो लेबलाचा प्रिंटर अडेलतट्टू होता. शंभर-दीडशे लेबलं काढली की अडायचा. तो पुन्हा सुरू करायला दोन शब्दांची आज्ञा होती, मलाही पाठ होती. पण ती चालायला प्रशासकाचा पासवर्ड लागे. दिवसातून सहा-सात वेळा मी सरांना शोधायला निघायची. सर कधी गोदामात, कधी गेटवरच्या मशीनवर. बाहेर ट्रक उभे, हमाल बसलेले, आणि लेबलाविना पिशवी हलवायची नाही हा कायदा.

"सर, मला पासवर्ड नका देऊ," मी एक दिवस म्हटलं. "पण प्रिंटर तरी माझा मला सुरू करू द्या."

"करून देतो ना. फक्त प्रिंटरपुरतं बिनपासवर्डाचं करता येतं. ती एक आज्ञा सोडली तर बाकीचं सगळं बंद राहतं. पण नीट बघून करावं लागंल. चार दिवस द्या."

"चार दिवस न्हाईत सर. आजच ट्रक उभे आहेत."

"मंग मी येतो की. वीस सेकंदाचं काम आहे."

"वीस सेकंदाचं काम आणि अर्धा तास तुम्हाला शोधायचा. हरभरा साहेब माझ्या डोक्यावर येऊन बसले आहेत. तुमच्या करडईवर ती पंधरा मिनिटांची सवलत चालू करा. चार दिवसांपुरती. तुम्ही एकदा टाकून गेलात की तेवढ्यात मी दोनदा प्रिंटर सुरू करून घेईन."

मी आवाज चढवला होता, हे मला आठवतं. मी असंही म्हणाले की तुमच्या या सोवळ्यापायी एक दिवस कंपनी बंद पडेल. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसता थकवा होता. सहा वर्षं रोज कुणी ना कुणी त्यांना हेच ऐकवत होतं. त्यांनी दस्ती पसरली, म्हणाले, "पाठ करा," आणि काय ते बदललं. उठताना म्हणाले, "चार दिवस. खुर्ची सोडायची न्हाई मॅडम. सोडली तर खिडकी बंद करून जायचं." मी हो म्हटलं. जल्दीत माणूस कशालाही हो म्हणतो.

दोन दिवस झकास गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी साडेतीनच्या सुमारास सर येऊन पासवर्ड टाकून गेले, मी प्रिंटर सुरू केला, लेबलं निघाली, आणि मी उगवणीच्या गुंडाळ्या बघायला पलीकडच्या टेबलाशी गेले. चार पावलांवर. ती काळी खिडकी उघडीच होती. उगवणीची चाचणी म्हणजे ओल्या कागदात शंभर दाणे गुंडाळून ठेवायचे आणि आठव्या दिवशी किती उगवले ते मोजायचं. सोयाबीनचे सत्तर तरी उगवले पाहिजेत, नाहीतर तो लॉट बियाणं म्हणून विकता येत नाही. मी मोजलेला आकडा मशीनमध्ये टाकला की नोंद बंद व्हायची. तीही दुरुस्त करायची एक आज्ञा होती आणि तीही सगळ्यांना माहीत होती. चालायची मात्र पासवर्ड असेल तरच.

हरभरा साहेब आत आले. हा माणूस कुणालाही आवडेल असा. शनिवारी सगळ्यांसाठी भजी आणायचा, घरच्यांची नावानिशी चौकशी करायचा. ते माझ्या खुर्चीत बसले आणि हसत म्हणाले, "जरा पाठ करा बरं का सगळ्यांनी, पासवर्डचं काम आहे."

आणि आम्ही तिघींनी पाठ केली. त्यांच्याकडे कुठला पासवर्ड होता? कुठलाच नव्हता. ते तिघींनाही माहीत होतं. पण सहा वर्षं ते दोन शब्द ऐकले की आम्ही वळत आलो होतो, आणि वळलो. मी कॅलेंडर बघितलं. मागे बटणांचे आवाज आले, दोन मिनिटांत ते "झालं" म्हणून निघून गेले. लेबलाचा प्रिंटर पुन्हा सुरू केला असेल, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर काहीच वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालेल्या लेबलांशी माझी वही ताडून बघताना एका लॉटवर मी अडले. माझ्या वहीत पेन्सिलने बासष्ट होतं. लेबलावर ब्याऐंशी. मशीनमध्येही ब्याऐंशी. त्या लॉटचा एक ट्रक अंबडकडे निघाला होता आणि दुसरा भरत होता. मी सरांकडे पळाले. त्यांनी काही न विचारता आधी गेटवर फोन करून दुसरा ट्रक थांबवला, मग निघून गेलेल्या ट्रकच्या ड्रायव्हरला फोन लावून गाडी मागे वळवली. गाडी अर्ध्या वाटेवरून परत आली. ते बियाणं कुठल्याही शेतात गेलं नाही. या सगळ्या प्रकरणात नीट झालेली गोष्ट ती एक.

मग सर माझ्या मशीनवर बसले आणि मशीनची आतली नोंद काढली. कोणत्या वेळी, कुणाच्या नावावर, कोणती आज्ञा चालली हे तिथे सगळं असतं. पासवर्ड टाकल्यापासून नवव्या मिनिटाला दुरुस्तीची आज्ञा चालली होती. मशीन करडई. नाव माझं.

प्रयोगशाळेत माझी सही हीच माझी नोकरी. उगवणीचा आकडा बदलणारी बाई म्हणून नाव एकदा झालं की जालन्यात काय, कुठेच मला कुणी प्रयोगशाळेत उभं केलं नसतं. मी सरांना हरभरा साहेबांचं सांगितलं. ते म्हणाले, "बघितलं का तुम्ही त्यांना करताना?"

"पाठ केल्ती आम्ही."

सरांनी डोळे मिटले. म्हणाले, "हे मीच शिकवलं तुम्हाला. कोण बसलंय ते बघा म्हणून कधी शिकवलंच न्हाई."

दुपारी मॅनेजर साहेबांच्या खोलीत सगळ्यांना बोलावलं. हरभरा साहेब शांतपणे म्हणाले की ते प्रिंटर सुरू करायला बसले होते, नोंदीचं त्यांना काही माहीत नाही. माझ्या दोघी सोबतिणींनी खरं ते सांगितलं, की आमची पाठ होती. मॅनेजर साहेब माझ्याकडे वळले. "नोंदीत तुमचं नाव आहे."

मी काही म्हणायच्या आत सरांनी खिशातून कागद काढून टेबलावर ठेवला. तो त्यांनी हाताने लिहिला होता. त्यात होतं की करडई या मशीनवर पासवर्ड पंधरा मिनिटं लक्षात ठेवण्याची सवलत त्यांनी चालू केली होती; त्यामुळे त्या वेळी खुर्चीत बसलेला कोणताही माणूस ही आज्ञा चालवू शकत होता; म्हणून नोंदीतल्या नावावरून दोष कुणावर ठेवता येणार नाही. आणि मशीन असं उघडं ठेवणाऱ्याला त्या कामावरून काढावं, असा कंपनीचा नियम आहे, जो त्यांनी स्वतः लिहून दिलेला आहे. खाली सही.

साहेबांनी कागद दोनदा वाचला. एवढी वर्षं ज्या माणसाने त्यांना कीबोर्डपुढे वेड्यात काढलं होतं, तो आता हातात आपणहून आला होता. तरी ते अन्यायी नव्हते. त्यांनी विचारलं, "तुम्ही? तुम्ही ही सवलत दिली? सहा वर्षांत मला दिली नाहीत. कुणी मागितली होती का?"

"माझ्या मर्जीनं दिली," सर म्हणाले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"मॅडम, तुम्हाला काही सांगायचंय?"

साहेबांच्या टेबलावर काचेचा पेपरवेट होता, आत निळं फूल असलेला. मी त्याच्याकडे बघत म्हणाले, "न्हाई."

सर महिनाअखेरीस कामावरून गेले. त्याआधी त्यांनी चार दिवस लावून ते काम पुरं केलं, जे ते आधीच करणार होते. आता लेबलाचा प्रिंटर माझा मी सुरू करते, पासवर्ड लागत नाही, आणि त्या एका आज्ञेखेरीज मशीन माझं काही ऐकत नाही. इतकं साधं होतं ते. चार दिवसांचं. हरभरा साहेबांवर काही सिद्ध झालं नाही, आणि वर्षभरात ते दुसऱ्या शहरातल्या मोठ्या जागेवर गेले. निरोपाला भजी होती. मी खाल्ली नाहीत, एवढीच माझी बंडखोरी.

ज्यांना ज्यांना मी हे सांगितलं, ते सगळे म्हणाले की मी बोलले असते तरी सरांची नोकरी जायचीच. नवरा म्हणाला, "जाऊ दे." सोबतिणी म्हणाल्या, "जाऊ द्या ताई." मलाही ते सोयीचं होतं. पण रात्रंदिवस नाही तरी अधूनमधून, हात धुताना, बस थांब्यावर, मला तो पेपरवेट दिसायचा.

दोन वर्षांनी एका प्रतिज्ञापत्राचं निमित्त काढून मी अंबडला गेले. ते काम जालन्यातही झालं असतं. कोर्टाच्या रस्त्याला सरांनी दुकान टाकलं होतं, ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं. दोन कॉम्प्युटर, एक बाक, बाहेर चहाची गाडी. सर तसेच होते, मनगटाचं बटण लावलेलं. एक म्हातारे गृहस्थ फोन कानाशी धरून आपला पासवर्ड भर दुकानात खड्या आवाजात सांगत होते आणि सर हात जोडून म्हणत होते, "हळू बोला मामा, हळू. रस्त्यावर ऐकू जाऊन राह्यलं." मामा म्हणाले, "आमचं काय चोरणार हाय कोणी." सरांनी माझ्याकडे बघून मान हलवली. दिवसभर त्यांना हे ऐकावं लागत असणार. मला हसू आलं आणि वाईटही वाटलं.

त्यांनी चहा सांगितला. मुलीला मुलगा झाल्याचं सांगितलं. प्रिंटर कसा चालतो ते विचारलं. मी म्हटलं, "चांगला चालतो." मग चहा संपायच्या आत मी बोलून टाकलं, कारण संपला असता तर मी उठून गेले असते.

"सर, त्या दिवशी साहेबांनी विचारलं तेव्हा मी बोलायला पाहिजे होतं. सवलत मी मागितली म्हणून."

आता ते "जाऊ द्या मॅडम" म्हणतील, याची मी वाट बघत होते. खरं म्हणजे तेवढ्यासाठीच तासभर बसमध्ये बसून आले होते. सरांनी कप खाली ठेवला आणि विचार केला. मशीन कुठे बिघडलं असेल याचा ते करत, तसाच आणि तेवढाच.

"हो," ते म्हणाले. "बोलायला पाहिजे होतं तुम्ही."

मी कपाकडे बघत राहिले.

"नोकरी तर माझी जायचीच. तुम्ही बोलल्या असत्या तरी मी गेलोच असतो," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, माफीही नव्हती. "पण त्या खोलीत मी एकटा पडलो नसतो."

माझ्यामागे दोघं जण कागद हातात धरून थांबले होते. मी उठले आणि त्यांना बसायला जागा करून दिली.